साठ टक्के आणि तीस वर्षे : रिझर्व्ह बँकेच्या अर्हताकलमाचे परीक्षण

नोकरभरतीच्या जाहिरातीला कोणी वाङ्मय म्हणत नाही, आणि म्हणावयाचे कारणही नाही. अर्ज भरण्यापुरती ती वाचावयाची व मुदत उलटली की विसरावयाची, असाच तिचा व्यवहार आहे. तथापि एखादा मजकूर किती जणांच्या आयुष्यात किती खोलवर शिरतो हे जर त्याच्या महत्त्वाचे एक गमक मानले, तर गेल्या काही दशकांत महाराष्ट्रातील सुशिक्षित तरुणांनी अत्यंत काळजीपूर्वक वाचलेल्या गद्यात अशा जाहिरातींतील अर्हतेच्या कलमाला मानाचे स्थान द्यावे लागेल. ज्या बारकाईने हे कलम वाचले जाते तिचा हेवा कोणत्याही ग्रंथाच्या भाष्यकाराला वाटावा. ‘पूर्ण’ म्हणजे नेमके काय, ‘समकक्ष’ कोणी ठरवावयाचे, ‘किंवा’ हे अव्यय कोणत्या दोन गोष्टींच्या मध्ये पडले आहे, याचा खल तालुक्याच्या गावच्या अभ्यासिकांतून चालतो. वाचक इतका दक्ष असताना मजकुराचे परीक्षण मात्र होत नाही. नियम पाळावयाचा असतो, तपासावयाचा नसतो, ही समजूत त्याच्या मुळाशी असावी.

येथे परीक्षणासाठी घेतलेले कलम रिझर्व्ह बँकेच्या ‘ग्रेड बी’ अधिकाऱ्यांच्या सरळभरतीचे आहे. देशाची ही मध्यवर्ती बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली, १ जानेवारी १९४९ रोजी तिचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि निवडीच्या कामासाठी तिचे स्वतंत्र सेवा मंडळ १९६८ मध्ये स्थापन झाले. जागा थोड्या असतात. २०२३ च्या जाहिरातीत त्या एकूण २९१ होत्या व त्यांपैकी २२२ सर्वसाधारण शाखेच्या. पुढच्याच वर्षी एकूण ९४ आणि सर्वसाधारण शाखेच्या अवघ्या ६६. या शाखेसाठी कोणत्याही विषयाची पदवी चालते. वयाची २१ वर्षे पूर्ण झालेली असावीत व ३० पूर्ण झालेली नसावीत. पदवीला किमान ६० टक्के गुण हवेत, किंवा पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व दिव्यांग यांना पदवीचे ५० टक्के किंवा पदव्युत्तर परीक्षेतील केवळ उत्तीर्णता पुरते. खुल्या वर्गातील व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातील उमेदवाराला सहा वेळाच परीक्षेस बसता येते. कलमाचा गाभा एवढाच आहे.

मुंबईच्या मध्यवर्ती कार्यालयात बसून हे कलम वाचले तर त्यात बोट ठेवावयास जागा सापडत नाही. ते यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रसहून वाचून पाहावे. दिग्रस हे अरुणावती नदीच्या परिसरातील, कापसाच्या मुलखातले तालुक्याचे गाव. आसपास बंजाऱ्यांचे तांडे आहेत. येथील महाविद्यालयीन शिक्षण पूर्वी नागपूर विद्यापीठाच्या आणि १९८३ पासून अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येते. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून पैनगंगा वाहते, आणि तिच्या पलीकडे तेलंगणातील आदिलाबादचा मुलूख लागतो. मध्यवर्ती बँकेचा आणि या गावाचा संबंध वरवर पाहता दूरचा वाटेल. परंतु २००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी साहाय्यता-योजना जाहीर केली त्यांत यवतमाळ होता, आणि त्या जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या कर्जाचा प्रश्न हा बऱ्याच अंशी पतव्यवस्थेचाच प्रश्न होता. ही व्यवस्था जिच्या देखरेखीखाली चालते त्या बँकेचा अधिकारी कोणाला होता येते, हे जाणून घेण्याचा दिग्रसचा हक्क मुंबईइतकाच आहे.

वयाच्या अटीपासून आरंभ करणे सोयीचे, कारण कलमाचा हा भाग सर्वांत स्वच्छ आहे. २०२३ च्या जाहिरातीत १ मे २०२३ हा दिनांक धरून, उमेदवाराचा जन्म २ मे १९९३ पूर्वीचा व १ मे २००२ नंतरचा नसावा, असे सांगितले होते. वय किती असे विचारून न थांबता जन्मदिनांकाच्या दोन्ही सीमा आखून देण्याच्या या रीतीचे मोल कळावयाचे तर दीडशे वर्षे मागे जावे लागते, आणि तेथे एक मराठी नाव भेटते.

१८६९ साली लंडनमध्ये झालेल्या सनदी नोकरीच्या परीक्षेत चार हिंदी उमेदवार यशस्वी झाले : रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबई इलाख्यातील श्रीपाद बाबाजी ठाकूर. यांपैकी सुरेंद्रनाथ व ठाकूर यांची नावे वयाच्या कारणावरून अडविण्यात आली. त्या वेळी वयाची कमाल मर्यादा २१ वर्षांची होती. सुरेंद्रनाथांनी १८६३ मध्ये कलकत्त्याच्या प्रवेशपरीक्षेच्या वेळी आपले वय सोळा म्हणून नोंदविले होते, ते इकडच्या रीतीप्रमाणे चालू वर्षाचे होते. परीक्षा-आयुक्तांनी ते पूर्ण झालेल्या वर्षांचे समजून हिशेब केला, आणि उमेदवार मर्यादेबाहेर गेला असे ठरविले. मुलाला सोळावे लागले असे म्हणतात तेव्हा त्याची पंधराच पूर्ण झालेली असतात, हे मराठी घरांत पोरालाही कळते. पण लंडनच्या कागदावर ‘लागले’ आणि ‘झाले’ यांतला भेद लिहिण्यास रकाना नव्हता. सुरेंद्रनाथांनी क्वीन्स बेंच न्यायालयाकडे दाद मागितली, आणि अखेर दोघांचीही निवड कायम झाली. एका संदिग्ध शब्दापायी दोन माणसांची कारकीर्द आरंभापूर्वीच संपावयाची होती.

पुढे ही मर्यादा १८७८ पासून १९ वर्षांवर आणली गेली. परीक्षा लंडनलाच, आणि वय एकोणीस. म्हणजे हिंदी मुलाला जवळजवळ शाळकरी वयातच बोटीत बसणे प्राप्त झाले. १८७७ मध्ये सुरेंद्रनाथांनी या निर्णयाविरुद्ध देशभर दौरा काढला, त्याचे कारण हेच. अखेर १८९२ पासून मर्यादा २३ वर गेली, आणि हिंदुस्थानातही परीक्षा होऊ लागण्यास १९२२ साल उजाडले. या सर्व काळात परीक्षेतील प्रश्न कितपत कठीण होते यावर फारसा वाद झाला नाही. वाद झाला तो वयाच्या आकड्यावर व परीक्षेच्या ठिकाणावर, आणि तो योग्य जागी झाला.

रिझर्व्ह बँकेच्या आकड्यात तसा हेतू शोधणे अन्यायाचे होईल. एम. फिल. व पीएच. डी. झालेल्यांना अनुक्रमे ३२ व ३४ वर्षांपर्यंत मुभा देण्याइतका तो उदारही आहे, आणि विद्यापीठात संशोधन करणाऱ्यांनी ही तरतूद विसरू नये. तरीही त्यात एक उणीव राहते. हिशेबाचा दिनांक स्थिर नाही. २०२३ मध्ये तो १ मे होता, २०२४ मध्ये १ जुलै झाला. २ जून १९९४ रोजी जन्मलेला उमेदवार १ मे २०२४ हा दिनांक धरला असता तर पात्र ठरता. १ जुलै धरल्यामुळे तो बाहेर गेला. दुसऱ्या टोकाला २ जून २००३ चा जन्म असलेला उमेदवार याच बदलामुळे आत आला. एकाचे नुकसान तो दुसऱ्याचा लाभ, असे म्हणून सोडून देता येईल. पण एकवीस वर्षांच्या मुलापुढे अनेक वर्षे असतात, तिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर उभा असलेल्यापुढे हीच संधी शेवटची असते. केंद्रीय लोकसेवा आयोगाने नागरी सेवा परीक्षेसाठी १ ऑगस्ट हा दिनांक कायम ठेवला आहे. बँकेलाही असे करण्यास अडचण पडू नये.

रिझर्व्ह बँक आणि वऱ्हाड यांचा एकत्र विचार करताना चिंतामणराव देशमुखांचे नाव आल्यावाचून राहत नाही. महाडजवळच्या नाते येथे १८९६ मध्ये जन्मलेले देशमुख १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत पहिले आले, १९१८ च्या सनदी परीक्षेतही पहिले आले, आणि त्यांची नेमणूक मध्यप्रांत व वऱ्हाडात झाली. म्हणजे दिग्रस ज्या प्रांतात होते त्याच प्रांतात. रिझर्व्ह बँकेशी त्यांचा संबंध १९३९ मध्ये आला तेव्हा त्यांचे वय ४३ होते. १९४१ मध्ये ते डेप्युटी गव्हर्नर झाले, ११ ऑगस्ट १९४३ रोजी गव्हर्नर झाले, आणि या पदावरचे ते पहिले हिंदी गृहस्थ. या पदासाठी १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्याने शिक्षणाची, गुणांची वा किमान-कमाल वयाची कोणतीही अट घातलेली नाही. नेमणूक केंद्र सरकारने करावयाची, इतकेच कायदा सांगतो. तळमजल्याच्या दारावर टक्के लिहिलेले आहेत आणि माडीचे दार कोरे आहे. ही तुलना फार ताणू नये. एका पदासाठी एक माणूस शोधताना विवेक वापरता येतो; हजारो अर्जांपुढे नियमच हवा. पण म्हणूनच तो नियम ज्या गोष्टीचे माप घेतो असे म्हणतो तिचेच माप घेतो की नाही, हे पाहिले पाहिजे.

येथून गुणांच्या अटीकडे वळावयास हवे, कारण कलमाचा खरा भार तीवर आहे. प्रथम बँकेच्या बाजूने एक गोष्ट नोंदविली पाहिजे. २०१८ च्या जाहिरातीत पदवीबरोबरच दहावीला आणि बारावीलाही ६० टक्क्यांची अट होती. तिचा अर्थ दिग्रसच्या संदर्भात लावून पाहिला म्हणजे ती किती कठोर होती हे कळते. पंधराव्या वर्षी, गावातल्या शाळेत, गणिताच्या शिक्षकाची जागा वर्षभर रिकामी असताना दिलेल्या परीक्षेत एखाद्या मुलाला ५८ टक्के मिळाले असतील, तर पुढे त्याने पदवीला काहीही केले, अर्थशास्त्रात विद्यापीठात पहिला आला, तरी रिझर्व्ह बँकेचे हे दार त्याला बंद झालेले होते. दहावीची परीक्षा उत्तीर्ण विद्यार्थ्याने पंचविसाव्या वर्षी पुन्हा देऊन भागत नाही. दुरुस्तीला वाव नसलेली अट ही कसोटी राहत नाही. तिला फार तर जन्मखूण म्हणता येईल. २०२१ च्या जाहिरातीत ही अट उरली नाही. बँकेने स्वतःच्या नियमाकडे पुन्हा पाहिले याचा तो पुरावा आहे, आणि याच कारणास्तव उरलेल्या नियमाकडे तिचे लक्ष वेधणे निरर्थक ठरू नये.

उरलेला नियम पदवीच्या ६० टक्क्यांचा. साठ हा आकडा आला कोठून, याचे उत्तर विद्यापीठांच्या जुन्या वर्गपद्धतीत आहे. बहुसंख्य विद्यापीठांत साठ टक्के म्हणजे प्रथम वर्ग. तेव्हा ‘किमान ६० टक्के’ याचा अर्थ ‘प्रथम वर्गाचा पदवीधर’ इतकाच होतो. पण प्रथम वर्ग ही संज्ञा सर्वत्र सारखी असली तरी तिची किंमत कधीच सारखी नव्हती. एकाच विद्यापीठात विज्ञान व अभियांत्रिकी शाखेत प्रथम वर्गाची गर्दी असावयाची, आणि त्याच मंडपात मराठी वाङ्मय, इतिहास वा तत्त्वज्ञान घेतलेल्या विद्यार्थ्याला साठाच्या अलीकडे थांबविण्याची परीक्षकांची जुनी सवय असावयाची. निबंधवजा उत्तराला शंभरांपैकी पंचावन्न देणे म्हणजे प्रशंसा करणे, अशी ही परंपरा होती, आणि ती ज्यांनी चालविली त्यांनी आपण विद्यार्थ्यांचे कोणते दार बंद करीत आहोत याचा विचार केल्याचे दिसत नाही. हा दोष बँकेच्या पदरात घालता येणार नाही. तो अध्यापकांच्या दारी जातो. कोणत्याही विषयाची पदवी चालेल, असे कलम उदारपणे म्हणते. परंतु गुणांची एकच रेषा सर्व विषयांवरून ओढल्यामुळे ते औदार्य विषयागणिक कमीजास्त होते.

श्रेणीगुणांची पद्धत आल्यापासून प्रश्न अधिकच गुंतला. विद्यापीठाचे स्वतःचे रूपांतरसूत्र असेल तर ते मानावे, आणि नसेल तर दहांच्या प्रमाणावर ६.७५ म्हणजे ६० टक्के समजावे, अशी बँकेची रीत आहे. काही विद्यापीठे श्रेणीगुणाला दहाने गुणतात, काही साडेनऊने गुणतात, काही त्यातून पाऊण वजा करून मग दहाने गुणतात. आता ६.४ श्रेणीगुण मिळालेला विद्यार्थी घ्यावा. पहिल्या रीतीने त्याचे ६४ टक्के होतात, दुसरीने ६०.८, आणि तिसरीने ५६.५. विद्यार्थी तोच, अभ्यास तोच. दोन विद्यापीठांत तो पात्र आहे आणि तिसऱ्यात अपात्र. पात्रतेचा निर्णय बँक करीत नाही, विद्यार्थीही करीत नाही. तो एखाद्या विद्वत्सभेच्या विस्मृत ठरावाने केलेला असतो. बँकभरतीच्या जाहिरातींत ५९.९९ टक्के हे साठापेक्षा कमीच समजले जातील, अशी सूचना आढळते. शतांशाबद्दल एवढी दक्षता बाळगणाऱ्या व्यवस्थेने साडेसात टक्क्यांच्या या तफावतीकडे डोळेझाक करावी, यात थोडासा विनोद आहे.

‘किंवा’ या अव्ययाने मात्र कलमाची बरीच लाज राखली आहे. पदवीला साठ नसतील तर पदव्युत्तर परीक्षेचे पंचावन्न चालतात. ही पळवाट नव्हे. ती खरी दुरुस्तीची संधी आहे, कारण विसाव्या वर्षीची चूक तेविसाव्या वर्षी भरून काढता येते. पंचावन्नचा आकडा या नियतकालिकाच्या वाचकांच्या परिचयाचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकाच्या अर्हतेसाठी तोच ठरविला आहे. पण या संधीला दोन वर्षे लागतात, आणि ती दोन वर्षे फुकट मिळत नाहीत. ज्याला हवा तो विषय गावच्या महाविद्यालयात मिळाला त्याची गोष्ट निराळी. नाहीतर यवतमाळ वा अमरावतीला खोली घेऊन राहणे आले. पदवी हाती पडताच घरच्या चार एकरांवर किंवा कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेबनीस म्हणून लागणे ज्याला भाग आहे, त्याच्यासाठी ‘किंवा’ हा शब्द कागदावरच राहतो.

आता पैनगंगेकडे यावयाचे. दिग्रस, पुसद, आर्णी या पट्ट्यात बंजारा समाजाची मोठी वस्ती आहे. १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेले वसंतराव नाईक हे पुसद तालुक्यातील गहुलीचे, याच समाजातले. महाराष्ट्र राज्याच्या यादीत हा समाज विमुक्त जातींत मोडतो. परंतु केंद्राच्या यादीत विमुक्त जाती असा स्वतंत्र प्रवर्ग नाही. तेथे महाराष्ट्रातील बंजारा हे इतर मागासवर्गात येतात. नदीपलीकडे तेलंगणात हाच समाज लंबाडा या नावाने १९७६ च्या दुरुस्ती कायद्यान्वये अनुसूचित जमातींत आहे. कर्नाटकात तो अनुसूचित जातींत मोडतो. भाषा गोरमाटी, चालीरीती त्याच, सोयरिकी नदीच्या दोन्ही तीरांवर.

रिझर्व्ह बँकेचे कलम या भूगोलावर ठेवून पाहावे. इतर मागासवर्गाला वयात तीन वर्षांची सवलत आहे, परीक्षेस बसण्याच्या संख्येवर मर्यादा नाही; गुणांत मात्र कोणतीही सवलत नाही. म्हणून दिग्रसजवळच्या तांड्यातील पदवीधराला ६० टक्के हवेत, आणि आदिलाबादच्या तांड्यातील त्याच्या मामेभावाला ५० पुरतात. वयाची मर्यादा एकाला ३३, दुसऱ्याला ३५. पदव्युत्तर परीक्षेत एकाने ५५ मिळविलेच पाहिजेत, दुसऱ्याने नुसते उत्तीर्ण व्हावे. नदी ओलांडून पलीकडे बिऱ्हाड केल्याने भागत नाही, कारण प्रवर्ग मूळ राज्यावरून ठरतो. आदिलाबादच्या मामेभावाला मिळते ते अधिक मिळते असा याचा अर्थ कोणी काढू नये. त्याच्या वाट्याचे कष्टही काही कमी नाहीत. प्रश्न दिग्रसच्या भावाचा आहे. याद्या संविधानाच्या ३४१ व ३४२ या अनुच्छेदांखाली तयार होतात, त्या बदलणे बँकेच्या हाती नाही, हे खरे. परंतु गुणांची सवलत कोणाला द्यावयाची हे त्या अनुच्छेदांत लिहिलेले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकाच्या अर्हतेत पाच टक्क्यांची सवलत देताना उन्नत गटात न मोडणाऱ्या इतर मागासवर्गीयांचाही समावेश केला आहे. देशाच्या उच्च शिक्षणाचा दर्जा राखण्याची जबाबदारी ज्या संस्थेवर आहे तिला जे चालते, ते बँकेला चालू नये याचे कारण जाहिरातीत दिलेले नाही.

या सर्वांवर एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जागा शंभर-दोनशे; अट काढली तर अर्जांचा पूर येईल, आणि शिवाय तीन वर्षे सातत्याने साठ टक्के टिकविणे हा चिकाटीचा पुरावा आहेच. यातील दुसरा भाग मान्य करता येतो. चिकाटी दिसते, पण ती ज्या परिस्थितीत दाखविली ती दिसत नाही. पहिला भाग तितकासा टिकत नाही. पूर आवरण्यासाठी बँकेने पहिल्या टप्प्याची वस्तुनिष्ठ परीक्षा ठेवलीच आहे. २०० गुणांची, दोन तासांची, संगणकावर होणारी. ती सर्वांना एका मापाने मोजते, हा तिचा मोठा गुण. मग त्या मापापूर्वी शेकडो विद्यापीठांची शेकडो मापे लावून माणसे गाळावयाची गरज कोणती? केंद्रीय लोकसेवा आयोग जिल्हाधिकारी निवडताना केवळ पदवी मागतो, टक्के मागत नाही. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवेसाठी तीच रीत. स्टेट बँक आपल्या परिविक्षाधीन अधिकाऱ्यांसाठीही पदवीवर थांबते. या सेवांचा दर्जा त्यामुळे खालावला असे कोणी म्हटलेले नाही. ज्याला जिल्ह्याचा कारभार सोपविता येतो त्याला रिझर्व्ह बँकेच्या परीक्षेच्या दालनात बसताही येऊ नये, ही गोष्ट युक्तिवादाने पटविणे कठीण आहे.

भाषेविषयी कलमात एकही वाक्य नाही, आणि तरीही ती अट आहेच. प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदी या दोन भाषांत असतात, मुलाखतही या दोहोंपैकी एकीत द्यावयाची. कोठारी समितीच्या शिफारशींनंतर १९७९ पासून नागरी सेवांची मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते. ग्रामीण बँकांच्या परीक्षा १९२२ च्या अलाहाबादेची आठवण यावी अशा उशिराने का होईना, पण २०१९ च्या निर्णयाने मराठीसह प्रादेशिक भाषांत आल्या. रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यासाठी तो प्रश्न अद्याप चर्चेलाही आलेला दिसत नाही. याउलट तिच्याच सहायक पदासाठी निवडलेल्या उमेदवाराची राज्याच्या भाषेत स्वतंत्र चाचणी घेतली जाते. काउंटरवर बसणाऱ्याला लोकांची भाषा यावी, निर्णय घेणाऱ्याला न आली तरी चालेल, असा अर्थ कोणी काढल्यास बँकेला तो आवडणार नाही. पण दोन जाहिराती शेजारी ठेवल्या तर तोच निघतो.

हा मुद्दा अभिमानाचा नाही, कामाचा आहे. धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९६९ मध्ये क्षेत्रनिहाय बँकिंगची कल्पना मांडली, तीतून त्याच वर्षी अग्रणी बँक योजना उभी राहिली, आणि तीनुसार प्रत्येक जिल्ह्यासाठी रिझर्व्ह बँकेचा एक अधिकारी नेमलेला असतो. जिल्हा सल्लागार समितीच्या बैठकीत पीककर्जाचे उद्दिष्ट, वाटप आणि थकबाकी यांचे आकडे मांडले जातात तेव्हा तो तेथे उपस्थित असतो. यवतमाळच्या बैठकीतील ते आकडे दिग्रसच्या कास्तकारापासून निघालेले असतात : सोसायटीचे कर्ज किती, खाजगी सावकाराचे किती, बोंडअळीच्या वर्षी कोणते फिरले आणि कोणते थकले. अधिकाऱ्याला पदवीस किती टक्के होते हे बँकेने अर्जाच्या वेळीच विचारून घेतलेले असते. कास्तकाराला त्याच्या बोलीत यातले काही विचारता येईल की नाही, हे विचारणारी ओळ कलमात कोठेही सापडत नाही.